कर्करोग आणि रोगप्रतिकारक यंत्रणा: काही रूढ गैरसमजुतींचा आढावा

कर्करोगाविषयी महाराष्ट्रात जे समज रूढ आहेत, त्यांतील बऱ्याच समजांच्या मुळाशी एक गृहीत असते: शरीराची प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त होणारी एकच राशी असून ती घटली की कर्करोग होतो, टिकवली की तो टळतो आणि वाढवली की झालेलाही बरा होतो. करोनाच्या साथीत काढे, चूर्णे आणि गोळ्या यांच्या जाहिरातींनी हे गृहीत घरोघरी पोहोचवले आणि साथ ओसरल्यावर ते कर्करोगाच्या रुग्णांच्या वाट्याला आले. गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनातून पुढे आलेले चित्र मात्र वेगळे आहे. कर्करोगापुढे प्रतिकार यंत्रणा हरते तेव्हा ती दुबळी असतेच असे नाही. समोरची पेशी बिघडलेली आहे हे तिला बहुधा ओळखता येत नाही, किंवा ओळखूनही तिला आवर घातला जातो, आणि काही प्रसंगी तर ती स्वतःच गाठीच्या वाढीस हातभार लावते. सोलापूर जिल्ह्यात या भेदाला पुस्तकापलीकडचे महत्त्व आहे, कारण याच जिल्ह्यातील बार्शी येथे आणि लगतच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या कामाने कर्करोगाच्या जागतिक अभ्यासात मोलाची भर घातली आहे.

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्यासह परांडा आणि भूम हे, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील, दोन तालुके तिच्या कक्षेत होते. शहरातील नोंदणी मुख्यतः रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. पण ज्या गावांतील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही तेथे हा मार्ग निरुपयोगी असल्याने, बार्शीच्या कार्यकर्त्यांनी ठरावीक काळाने गावोगाव फिरून, लोकांशी बोलून आणि संशयास्पद लक्षणे असलेल्यांना तपासणीस आणून नोंद करण्याची पद्धत बसवली. या नोंदींतून असे दिसले की येथील कर्करोगाचे एकूण प्रमाण, लोकसंख्येतील वयाचा फरक जमेस धरूनही, मुंबईच्या मानाने जवळपास निम्मे आहे. मात्र स्त्रियांत गर्भाशयमुखाचा, म्हणजे बोलीत गर्भपिशवीच्या तोंडाचा, कर्करोग त्या काळात सर्वांत पुढे होता. अपुरा आहार, रक्तक्षय आणि वारंवार होणारे जंतुसंसर्ग यांनी प्रतिकारक्षमता खालावते हे निर्विवाद आहे, आणि कर्करोग हा सरसकट त्या खालावण्याचाच परिणाम असता, तर या कोरडवाहू पट्ट्यात सर्वच कर्करोग अधिक आढळायला हवे होते. निदानाअभावी सुटलेले रुग्ण, लवकर व अधिक झालेली बाळंतपणे आणि शहरी राहणीचा अभाव ही कारणेही या फरकामागे आहेत, त्यामुळे एवढ्या एका तुलनेने काही सिद्ध होत नाही. पण ते सरळ समीकरण मात्र तिच्यापुढे टिकत नाही. बाकीचे कर्करोग कमी आणि एक ठळकपणे जास्त, असा कल दिसतो तेव्हा त्याचे कारण त्या एका कर्करोगाच्या आसपासच शोधावे लागते.

त्या कारणाकडे वळण्यापूर्वी एका लोकप्रिय विधानाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. प्रत्येकाच्या शरीरात रोज हजारो कर्कपेशी तयार होतात आणि प्रतिकारशक्ती त्या रोज मारून टाकते, असे व्याख्यानांतून आणि समाजमाध्यमांतून ठामपणे सांगितले जाते. पण रोज मोठ्या संख्येने घडतात त्या जनुकांतील इजा आणि चुका, आणि त्यांपैकी बहुतेक पेशीच्या आतच, जनुकद्रव्याची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांकडून, निस्तरल्या जातात; दुरुस्ती अशक्य असेल तर पेशी स्वतःचा नाश ओढवून घेते. या दोन्ही क्रियांत प्रतिकार यंत्रणेचा संबंध येत नाही. जिला खऱ्या अर्थाने कर्कपेशी म्हणता येईल अशी पेशी तयार होण्यास एकाच पेशीवंशात अनेक बिघाड साचावे लागतात आणि त्याला बहुधा वर्षे, अनेकदा दशके लागतात. अशी पेशी तयार झाल्यावर मात्र टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचे काम सुरू होऊ शकते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडत असते आणि टी-पेशी ते तुकडे चाचपून पाहत असतात. जनुकीय बिघाडामुळे एखादा तुकडा पुरेसा वेगळा झाला असेल, तरच तो खटकतो. जिवाणू किंवा विषाणू बाहेरून येतो, त्याची प्रथिने मुळातच परकी असतात. कर्कपेशी ही आपल्याच पेशीची लेक असते आणि तिचा वेगळेपणा पुष्कळदा बोटावर मोजण्याइतक्या तुकड्यांपुरता असतो. सर्दी-पडशाला दाद न देणाऱ्या धडधाकट माणसालाही कर्करोग का होतो, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी येथे आहे.

प्रतिकार यंत्रणा कर्करोगावर पहारा ठेवते ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १९०९ मध्ये मांडली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस लुईस थॉमस व मॅकफार्लेन बर्नेट यांनी तिला सिद्धान्ताचे रूप दिले. पुढे १९७४ मध्ये ओसियास स्टुटमन यांनी थायमस ग्रंथी नसलेल्या, म्हणून टी-पेशींचा अभाव असलेल्या, उंदरांना कर्कजनक रसायन टोचले, तेव्हा त्यांना सामान्य उंदरांपेक्षा अधिक गाठी झाल्या नाहीत आणि सिद्धान्त जवळपास निकालात निघाला. त्या उंदरांत काही टी-पेशी आणि इतर मारक पेशी शिल्लक असतात हे नंतर लक्षात आले. २००१ मध्ये रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी व बी या दोन्ही प्रकारच्या पेशी मुळीच नसलेल्या उंदरांवर प्रयोग केले. या उंदरांत गाठी अधिक झालेल्या दिसल्या, पण त्याहून बोलका निष्कर्ष पुढचा होता. प्रतिकार यंत्रणा नसलेल्या उंदरांत वाढलेल्या गाठी धडधाकट उंदरांत रोवल्या असता त्यांतील बऱ्याच नाकारल्या गेल्या, तर धडधाकट उंदरांत वाढलेल्या गाठी तशाच उंदरांत सहज रुजल्या. म्हणजे ज्या पेशी ओळखू येण्याजोग्या होत्या त्या निवडून मारल्या गेल्या होत्या आणि ज्यांना ओळखता येत नव्हते त्याच मागे राहून वाढल्या होत्या. यातून निर्मूलन, समतोल आणि निसटणे अशा तीन अवस्थांची मांडणी पुढे आली. मधल्या समतोलाच्या अवस्थेचे मानवी उदाहरण अस्वस्थ करणारे आहे: मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर सोळा वर्षांपूर्वी उपचार होऊन बरी मानली गेलेली एक व्यक्ती मृत्यूनंतर मूत्रपिंडदाता ठरली आणि त्या दोन्ही मूत्रपिंडांचे प्रत्यारोपण झालेल्या दोघांनाही दात्याच्याच पेशींपासून मेलॅनोमा झाल्याचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दात्याच्या शरीरात ज्या पेशी वर्षानुवर्षे दबून होत्या, त्यांना प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या प्रतिकारदमक औषधांनी मोकळे रान मिळाले होते.

प्रतिकार यंत्रणा खरोखरच क्षीण झालेल्या माणसांत काय घडते, याचा पुरावा दोन गटांतून मिळतो: अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि एचआयव्हीबाधित. दोन्ही गटांत कर्करोगाचे प्रमाण वाढते, पण वाढणारे कर्करोग बव्हंशी विषाणूजन्य असतात: एप्स्टाइन-बार विषाणूशी जोडलेला लसिका ग्रंथींचा कर्करोग, नागीण गटातील एका विषाणूमुळे होणारा कापोसी सार्कोमा आणि ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग. एचआयव्हीबाधित स्त्रियांत या शेवटच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. याउलट स्तनाचा आणि पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग या गटांत वाढलेला आढळत नाही. गोऱ्या कातडीच्या प्रत्यारोपित रुग्णांत त्वचेचा कर्करोग कमालीचा वाढतो, त्यामुळे विषाणू हेच एकमेव सूत्र आहे असे म्हणता येत नाही. तरीही स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला तिची प्रतिकारशक्ती कमी पडली असे सांगितले जाते तेव्हा त्या सांगण्याला या पुराव्याचा आधार नसतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण प्रतिकार यंत्रणेचे यश, तिची मर्यादा आणि तिला करता येणारे साहाय्य या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात. एचपीव्हीचा संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो आणि तो इतका सामान्य आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी तो होऊन जातो. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निष्कर्ष काढण्यास काहीही आधार नाही. झालेल्या संसर्गांपैकी दहातील नऊ दोनएक वर्षांत प्रतिकार यंत्रणेकडूनच आटोक्यात येतात. उरलेल्यांत विषाणू टिकून राहतो, आणि त्याची टिकून राहण्याची रीत समजली की प्रतिकारशक्ती वाढवण्याची भाषा किती तोकडी आहे हे ध्यानात येते. हा विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडून बाहेर पडत नाही, दाह माजवत नाही. गर्भाशयमुखाच्या अस्तराच्या तळच्या पेशीत तो अल्पस्वल्प प्रथिने बनवत दबा धरतो आणि जी पेशी वर सरकून आपोआप झडणार आहे तिच्यातच आपली नवी प्रजा तयार करतो. त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशीची वाढ रोखणारी यंत्रणा निकामी करतात आणि दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक वर्षांत त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. एचपीव्हीच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांस कारणीभूत असतात.

विषाणूचा हा लांबलेला मुक्कामच तपासणीला वाव देतो, हे उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी केलेल्या या अभ्यासात गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत विभागले गेले: एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पेशींची सूक्ष्मदर्शक तपासणी, तिसऱ्याची सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, तर चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा व माहिती देण्यात आली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. आयुष्यातील एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे ग्रामीण भागात आणि एवढ्या मोठ्या संख्येवर प्रथमच दिसले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे कितपत योग्य होते यावर पुढे तीव्र नैतिक वाद झाला आणि तो निराधार नव्हता. ज्या स्त्रियांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले त्यांचा उल्लेख टाळून या प्रयोगाचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की ही चाचणी स्त्रीची प्रतिकारशक्ती किती आहे हे मोजत नाही. एका विशिष्ट विषाणूला तिचे शरीर हटवू शकले आहे की नाही, एवढेच ती विचारते, आणि नसेल तर बिघडलेला भाग गोठवून किंवा कापून काढता येतो.

विषाणूपासून कर्करोग होऊ शकतो ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये गेल्या शतकाच्या मध्यापासूनच विषाणू, संप्रेरके आणि कर्करोग यांचा संबंध उंदरांवर अभ्यासला होता. तरीही एचपीव्हीच्या लशीभोवती गैरसमजांचे दाट जाळे आहे. नैसर्गिक संसर्गानंतर फारशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिने, तयार होत नाहीत, कारण विषाणू प्रतिकार यंत्रणेच्या नजरेस पडतच नाही. लशीत मात्र विषाणूच्या केवळ बाह्य कवचाचे, आत जनुकद्रव्य नसलेले, कण स्नायूत टोचले जातात आणि ते न दिसण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून संसर्गानंतरच्या मानाने कित्येक पट अधिक प्रतिपिंडे तयार होऊन वर्षानुवर्षे टिकतात. नैसर्गिक प्रतिकारशक्ती नेहमीच लशीपेक्षा सरस असते, या विधानाला याहून ठळक अपवाद शोधणे कठीण आहे. उलट बाजूने, ही लस आधीच रुजलेला संसर्ग किंवा झालेला कर्करोग बरा करत नाही, कारण बिघडलेल्या पेशींवर ते कवच नसतेच; म्हणून ती लहान वयात, संसर्गाची शक्यता निर्माण होण्यापूर्वी, द्यावी लागते. जिवंत विषाणू नसल्याने तिच्यापासून एचपीव्ही किंवा कर्करोग होणे शक्य नाही, आणि तिने वंध्यत्व येते या भीतीला पुरावा नाही.

लशीच्या इतिहासातही बार्शीचे नाव आहे. १० ते १८ वर्षांच्या मुलींना दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये देशातील नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला आणि महाराष्ट्रातून मुंबई, पुणे व बार्शी ही ठिकाणे त्यात होती. आंध्र प्रदेश आणि गुजरात येथील एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्याने २०१० मध्ये केंद्र सरकारने एचपीव्ही लशीचे सर्व अभ्यास थांबवले. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे आढळले नाही, पालकांची संमती घेण्यातील त्रुटी मात्र उघड झाल्या. या थांबण्याने हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली, त्यांचा पाठपुरावा चालू राहिला, आणि २०२१ च्या अहवालात एका मात्रेचे दीर्घकाळ टिकणाऱ्या एचपीव्ही १६ व १८ संसर्गाविरुद्धचे संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन किंवा तीन मात्रांच्या बरोबरीचे, असल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे हा पुरावा महत्त्वाचा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस २०२२ मध्येच मान्यता पावली.

काही कर्करोग विषाणूंमुळे होतात, यावरून कर्करोग संसर्गजन्य आहे असा जो तर्क केला जातो, त्यापायी रुग्णाचे ताट-वाटी, अंथरूण आणि कधी खोलीही वेगळी केली जाते. विषाणू पसरतो, कर्करोग पसरत नाही. एका माणसाच्या कर्कपेशी प्रतिकार यंत्रणा शाबूत असलेल्या दुसऱ्याच्या शरीरात गेल्याच, तरी त्यांच्यावरील एचएलए रेणू परके असल्याने त्या नाकारल्या जातात. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण टिकवण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात, ती याच कारणाने. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील टास्मानियन डेव्हिल या प्राण्यात चाव्यातून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग आढळतो, पण तेथे गाठीच्या पेशींनी हे ओळख पटवणारे रेणू पृष्ठभागावर मांडणेच बहुतांशी थांबवलेले असते. माणसांत असा साथीने पसरणारा कर्करोग ज्ञात नाही.

प्रतिकार यंत्रणा नेहमी रुग्णाच्याच बाजूने असते, या समजाची तपासणी करण्यास सोलापूरसारखे दुसरे ठिकाण नाही. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे हे शहर. तंबाखूची धूळ, दाताला लावली जाणारी मशेरी, चुना-तंबाखू आणि सुपारीचा मावा ही येथील नित्याची गोष्ट. तंबाखूतील नायट्रोसामीन ही रसायने जनुकद्रव्याला थेट इजा करतात, हे मुख्य कारण खरेच. पण त्याच्या जोडीला गालाच्या अस्तराला वर्षानुवर्षे होणारी जखम आणि ती भरून काढण्यासाठी तेथे ठाण मांडून बसलेला दाह असतो. दाह म्हणजे प्रतिकार पेशींचे जमणे, आणि या पेशी ऊती दुरुस्त करताना पेशींना वाढण्याचे संदेश देतात, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात आणि जनुकद्रव्याला इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणूही सोडतात. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आत तंतू साचून तोंड उघडेनासे होते, ज्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात; त्या अवस्थेतही दाहाचा वाटा असतो आणि तिच्यातून पुढे काहींना कर्करोग होतो. गाठींत पांढऱ्या पेशी आढळतात हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखोव यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. आज असे ज्ञात आहे की बऱ्याच गाठींत मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी, मोठ्या संख्येने असतात आणि त्यांपैकी पुष्कळशा गाठीला पोसणाऱ्या वळणावर गेलेल्या असतात. मावा खाणाऱ्याने रोज काढा घेऊन हिशेब फिटतो असे मानणे, या पार्श्वभूमीवर, केवळ व्यर्थच नव्हे, तर दिशाभूल करणारेही आहे.

मग प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या औषधांचे काय? गुळवेल, हळद, अश्वगंधा यांतील काही घटकांचा पांढऱ्या पेशींवर प्रयोगशाळेत परिणाम दिसतो. पण कोणत्या पेशींवर, कोणत्या दिशेने आणि रुग्णाचे आयुष्य वाढते का, या प्रश्नांना त्यातून उत्तर मिळत नाही. शिवाय दिशाहीन उद्दीपनाची किंमत असते. करोनाच्या काळात गुळवेलाच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना पूर्वीचा स्वप्रतिकार विकार, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिकार यंत्रणा, असल्याचा संशय होता. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास हरकत घेतली आणि वाद अनिर्णित राहिला. स्वतःच्या शरीराला इजा होऊ नये म्हणून प्रतिकार यंत्रणेत ठायी ठायी आवर घालणारी व्यवस्था असते. इतर पेशींना शांत ठेवणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधाला २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तर टी-पेशींवरील सीटीएलए-४ आणि पीडी-१ या आवर घालणाऱ्या रेणूंवर काम करणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ मध्ये ते मिळाले होते. बरीचशी कर्कपेशींची कुळे हीच व्यवस्था आपल्या रक्षणासाठी वापरतात. त्यामुळे आधुनिक इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारोपचाराची, सर्वाधिक वापरली जाणारी औषधे काहीही वाढवत नाहीत. ती टी-पेशीवरचा ब्रेक सोडतात.

ब्रेक सोडल्याचे परिणाम दुहेरी असतात. पसरलेल्या मेलॅनोमाचे बहुतेक रुग्ण पूर्वी वर्षभरही जगत नसत. दोन औषधांच्या एकत्रित उपचाराने अशा रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के दहा वर्षांनंतरही जिवंत असल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले. मात्र इतर अनेक कर्करोगांत थोड्याच रुग्णांना गुण येतो, कारण गाठीत ओळखण्याजोगे काही नसेल किंवा टी-पेशी तेथे पोहोचल्याच नसतील, तर ब्रेक सोडून काही साधत नाही. हे उपचार नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी असतात हा समजही चुकीचा आहे: मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइड किंवा क्वचित हृदयावर हल्ला करतात आणि तो प्रसंगी प्राणघातक ठरतो. २०२२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाचे बारा रुग्ण एका औषधाने पूर्ण गाठमुक्त झाल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांतही कर्करोगावर रामबाण सापडल्याच्या थाटात आली. त्या बाराही जणांच्या गाठींत जनुकदुरुस्तीचा विशिष्ट दोष होता आणि गुदाशयाच्या कर्करोगांपैकी जेमतेम पाच-दहा टक्क्यांत तो आढळतो, हे बातम्यांत बहुधा शेवटी किंवा कोठेच नव्हते. ज्या गाठीत दुरुस्ती बिघडते तिच्यात बदल भराभर साचतात, ती वेगळी दिसू लागते आणि म्हणूनच ओळखली जाते.

तोंडाच्या कर्करोगापुरते बोलायचे, तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक चाचणी सोलापूरच्या रुग्णांना जवळची आहे. बरा होण्यापलीकडे गेलेल्या डोके-मान भागाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी एका गटाला, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, देण्यात आले, आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. रेणूला झाकण्यास लागणारे औषध आणि कंपनीने ठरवलेली मात्रा यांत केवढे अंतर असू शकते, हे यातून दिसले. दुसरी देशी वाट, बी-पेशींच्या कर्करोगांसाठीची, नेक्सकार-१९ या उपचाराची. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना सीडी-१९ हे प्रथिन ओळखणारा ग्राहक रेणू जनुकीय तंत्राने बसवतात आणि त्या परत शरीरात सोडतात. परदेशी उपचाराच्या तुलनेत त्याचा खर्च कोटींवरून लाखांत आला, तरी ते लाखही अनेक आहेत. सीडी-१९ हे प्रथिन, ज्यांच्यापासून प्रतिपिंडे तयार होतात त्या, निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्या टी-पेशी चांगल्या-वाईटाचा भेद न करता दोन्ही मारतात. माणूस बी-पेशींवाचून, बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांच्या आधारावर, जगू शकतो, एवढ्यामुळेच हा उपचार शक्य होतो. गालाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या गाठीवर असे एकच, निर्धोक लक्ष्य अद्याप हाती आलेले नाही.

मन खचल्याने प्रतिकारशक्ती खचते आणि त्यातून कर्करोग होतो, या समजाबाबत थोडक्यात एवढेच म्हणता येते की दीर्घ ताणाचा पांढऱ्या पेशींवर परिणाम होतो, पण मोठ्या पाठपुरावा-अभ्यासांत ताण आणि कर्करोगाची सुरुवात यांचा सुसंगत संबंध दिसलेला नाही. ताणात वाढणारी तंबाखू मात्र मोजता येते.

उरतो तो केमोविषयीचा आक्षेप. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती मरते, म्हणून माणूस कर्करोगाने नव्हे तर केमोने जातो, असे गावोगाव ऐकू येते आणि त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते खोडणे अवघड जाते. वेगाने विभाजित होणाऱ्या पेशी मारणारी ही औषधे अस्थिमज्जेलाही झळ लावतात. न्यूट्रोफिल या जिवाणूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली येतात आणि बहुधा पुढची फेरी येईतो सावरतात. घट होते ती जंतुसंसर्गाशी लढण्याच्या एका विशिष्ट फळीत, तात्पुरती; कर्करोगाशी लढणारी टी-पेशींची व्यवस्था तिच्यासोबत संपते असे नाही, आणि काही केमो औषधांनी मरणाऱ्या कर्कपेशी तर टी-पेशींना जागे करणारे संकेत सोडतात. या काळात अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप भरला तर तो काही तासांत जीवघेणा ठरू शकतो आणि रुग्णाला शिरेतून प्रतिजैविके लागतात. अक्कलकोट, करमाळा किंवा सांगोला तालुक्यातील खेड्यातून रात्रीच्या वेळी सोलापूर किंवा बार्शी गाठण्यास लागणारा वेळ पाहता, ताप आल्यावर काढा देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची की लगेच निघायचे, हा निर्णय औषधाच्या निवडीइतकाच निर्णायक असतो. आणि तापमापक, रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक व वाहनाची तजवीज केमोच्या पहिल्या फेरीआधीच घरात असावी लागते.